मोघ्यांची सोंड

मोघे आमच्याकडे जेवायला आले की त्यांच्या ताटाच्या कडेला हळूहळू एक रांग लागते. आधी कढीपत्ता, मग मिरचीचे तुकडे, मग मोहरी. हो, मोहरीसुद्धा. आमटीतून मोहरी वेचणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. बोटाच्या टोकाने एकेक दाणा कडेला नेऊन ठेवतात, रांग सरळ आहे ना ते बघतात आणि मग पहिला घास घेतात.

"आधी गोंगाट वगळायचा, वहिनी," ते म्हणतात. "मग चव कळते."

हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला राग आला होता, कारण तो गोंगाट मी तेल तापवून मोठ्या हौसेने घातला होता. पण मोघ्यांवर राग धरणं कठीण आहे. तेवढ्यात ते आमटी पुन्हा मागतात.

आम्ही डार्मश्टाटला एकाच इमारतीत राहतो. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, ते चौथ्या. मी एका औषध कंपनीत गोळ्यांच्या खोक्यातले घडीचे कागद तपासते. त्या कागदांवर गोळीने काय काय बिघडू शकतं ते बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं आणि जगात ते कुणी वाचत नाही. तेव्हा वगळलेल्या मजकुराबद्दल मला थोडी आपुलकी आहे, हे आधीच सांगून टाकते.

मोघ्यांचं उलट. ते उपग्रहांच्या केंद्रात कामाला आहेत. फार लांबून येणारा, जवळजवळ विझलेला संदेश, आणि त्याच्याभोवती सगळ्या आकाशाची खरखर. ती खरखर बाजूला काढली की संदेश उरतो. हे काम ते उत्तम करतात असं त्यांचे सहकारी सांगतात. अडचण एवढीच की संध्याकाळी निघताना ते काम ऑफिसात ठेवून येत नाहीत.

एकदा गणपतीच्या कार्यक्रमात मंडळाच्या अध्यक्षांनी 'परदेशस्थ मराठी माणसाची ऐतिहासिक जबाबदारी' या विषयावर भाषण केलं. फेटा बांधून केलं. मी उशिरा पोचले आणि शेजारी बसलेल्या मोघ्यांना हळूच विचारलं, काय काय म्हणाले? मोघे म्हणाले, "जेवण सात वाजता आहे." नंतर मी बऱ्याच जणांना तोच प्रश्न विचारला. यापेक्षा जास्त कुणालाही सांगता आलं नाही.

वाईहून त्यांच्या आईचा फोन येतो. त्या भरपूर बोलतात. फोन ठेवल्यावर मोघ्यांकडून कळतं, "आई बरी आहे."

अशा माणसाने मेटल डिटेक्टर विकत घ्यावा यात नवल काहीच नव्हतं. फुटबॉलचा विश्वचषक जर्मनीत झाला त्याच्या पुढच्या वसंतात, एका शनिवारी, ते जिन्यात ती लांब दांडी घेऊन उभे दिसले. खाली ताटाएवढी चकती, वर एक डबा, डब्यावर बटणं. मला वाटलं, गवत कापायचं काहीतरी आहे.

"सोंड," मोघे म्हणाले.

मी म्हटलं, कसली सोंड? तेव्हा कळलं की जर्मनमध्ये या यंत्राला 'झोंड' म्हणतात. ज्या वयस्कर गृहस्थांकडून मोघ्यांनी ते जुनं विकत घेतलं, त्या बेकर आजोबांच्या तोंडी दाढा कमी असल्यामुळे त्यांचा 'झ' जरा घसरतो. मोघ्यांना 'सोंड' ऐकू आलं आणि त्यांना ते इतकं पटलं की त्यांनी पुढे दुरुस्ती करून घेतली नाही. जमीन हुंगत जाणारी लांब वस्तू, तिला दुसरं काय म्हणायचं? आमच्या घरातही मग तेच नाव रुळलं. "मोघे सोंड घेऊन गेलेत," असं आम्ही पाहुण्यांना सहज सांगत असू आणि पाहुणे एकमेकांकडे बघत.

जर्मनीत सोंड नुसती घ्यायची नसते. ती जमिनीवर फिरवायला गेनेमिगुंग लागते, म्हणजे परवानगी, आणि ती देणारा साहेब असतो. मोघे रीतसर गेले. साहेबांनी विचारलं, आपण काय शोधणार आहात? रोमन काळातलं काही? मध्ययुगीन? मोघे म्हणाले, काही नाही, मला फक्त यंत्र तपासायचं आहे. साहेबांनी पुन्हा विचारलं. मोघ्यांनी पुन्हा तेच सांगितलं. काहीही न शोधणारा माणूस त्या टेबलासमोर बहुधा पहिल्यांदाच आला असावा. साहेबांना इतकं हायसं वाटलं की त्यांनी आमच्या इमारतीमागच्या पार्कातली हिरवळ मोघ्यांना देऊन टाकली. झाडाझुडपांत जायचं नाही, खणलेला चौकोन गवतासकट परत बसवायचा, एवढ्याच अटी.

हे पार्क म्हणजे शोधून शोधून झिजलेली जागा आहे. महायुद्धानंतर बॉम्ब शोधणारे लोक त्यातून फिरले. मग छंदवाले आले. पैसे परत मिळतात म्हणून रिकाम्या बाटल्या गोळा करणारे रोज येतात. कुत्री तर दिवसातून दोनदा सगळं तपासून जातात. बेकर आजोबांनी वीसेक वर्षं तिथेच काढली होती आणि सोंड विकताना त्यांनी मोघ्यांना बजावलं होतं, "हीअर इस्ट निष्ट्स मेअर." इथे आता काही राहिलेलं नाही.

"म्हणूनच," मोघे मला म्हणाले. "जिथे काही नाही तिथेच यंत्राची परीक्षा होते."

मी म्हटलं, जिथे काही नाही तिथे काही सापडलं नाही, तर यंत्र पास की नापास? ते म्हणाले, पास. आणि सापडलं तर? तेही पास. मी घडीच्या कागदांवर असे दावे पाहिलेले आहेत.

पहिल्या दिवशी सोंड सारखी वाजत होती. काही राहिलेलं नाही म्हणतात त्या हिरवळीतून मोघ्यांनी पिशवी भरून माल काढला. बियरच्या बाटल्यांची बुचं. खिळे. आणि चांदी. चांदी म्हणजे डोनर, हा इथला पावात मटण भरून खायचा प्रकार, गुंडाळतात तो ॲल्युमिनियमचा कागद. आदल्या उन्हाळ्यात तिथे मोठा पडदा लावून लोकांनी फुटबॉलचे सामने बघितले होते, आणि जर्मन माणूस शिस्तीचा असला तरी गोल झाला की हातातलं डोनर कुठे जातं ते त्याला कळत नाही.

मोघे बुचांनी खचले नाहीत. त्या यंत्रात नको ते धातू बंद करायची सोय आहे. रोज संध्याकाळी ते एकेक बंद करत गेले. लोखंड बंद. बुचं बंद. सगळ्यात त्रास चांदीचा होता, कारण तिचे कपटे लहानमोठे, चुरगळलेले, हर तऱ्हेचे असतात. शेवटी एका गुरुवारी त्यांनी ॲल्युमिनियम समूळ बंद केलं आणि हिरवळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले. सोंडेने हूं की चूं केलं नाही. मी खरेदीची पिशवी घेऊन पायवाटेवरून चालले होते. मला हात करून त्यांनी बोलावलं आणि हेडफोन माझ्या कानांना लावला.

"ऐका."

"काहीच ऐकू येत नाही."

"गेनाऊ. अगदी बरोबर," मोघे म्हणाले. "गोंगाट गेला."

उपग्रह सापडल्यावर ते इतके खूष होत असतील असं मला वाटत नाही.

आता जुईबद्दल सांगायला हवं.

जुई मोघ्यांची मुलगी. तेव्हा दहा वर्षांची. शाळेत तिला सगळे 'युई' म्हणतात, कारण जर्मन माणसाला लिहिलेला 'ज' दिसला की तो 'य' म्हणतो. आता तीही स्वतःचं नाव युईच सांगते. ती आईबरोबर वोल्फ्सबुर्गला राहते. आई, म्हणजे वैशाली, तिथे मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर आहे. मोघ्यांचं आणि तिचं मोडलं तेव्हा आरडाओरडा झाल्याचं इमारतीत कुणी ऐकलं नाही. जाण्याआधी वैशाली माझ्याकडे चहाला आली होती. तक्रार काही केली नाही. कप विसळता विसळता एवढंच म्हणाली, "मी बोलत असायचे, आणि ह्यांनी मला कडेला काढून ठेवलेलं असायचं."

मला ताटाची कड आठवली.

एकाआड एक शनिवार-रविवार जुई बाबांकडे येई. मोघे शुक्रवारी ऑफिसातून थेट स्टेशनवर जात, वोल्फ्सबुर्गला पोचत आणि तिला घेऊन पुढच्या गाडीने परत येत. त्या लांबच्या प्रवासात ती घोड्यांच्या गोष्टींची पुस्तकं वाचायची. घरात काय, गाडीत काय, मोघे मराठीत विचारायचे आणि ती जर्मनमध्ये उत्तर द्यायची. शाळा कशी चालली आहे? गूट. भूक लागली का? नाइन. उद्या काय करू या? वाइस निष्ट, म्हणजे माहीत नाही. आणि सूचना फार झाल्या की 'या, या'. मराठी कानाला वाटावं कुणीतरी अगत्याने घरात बोलावतंय. प्रत्यक्षात त्याचा अर्थ 'कळलं, पुरे' असा असतो.

"तिचं बोलणं अगदी स्वच्छ आहे," मोघे मला एकदा म्हणाले. "एक शब्दही जास्त नाही." मी त्यांच्याकडे पाहिलं. ते विनोद करत नव्हते. थोड्या वेळाने म्हणाले, "ती मला कधी काही विचारत नाही, वहिनी."

त्या वसंतात, सोंड येण्याच्या थोडं आधी, वैशालीचा फोन आला होता. जुईला आता मैत्रिणी होत्या, शनिवारी घोड्यांचा क्लास होता. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर डार्मश्टाटला यायचं की नाही हे जुईने स्वतः ठरवायचं, असं दोघींचं बोलणं झालं होतं. वैशाली म्हणाली होती, मी तिला अडवणार नाही आणि ढकलणारही नाही. हा फोनही मोठाच असणार. पण या वेळी मोघ्यांनी मला सारांश सांगितला नाही. सगळं जसंच्या तसं सांगितलं, मधे वैशालीला खोकला आला होता तोसुद्धा.

मग माझ्या लक्षात आलं, सोंड कशासाठी आली होती. यंत्राची परीक्षा वगैरे साहेबांना सांगायला ठीक होतं.

पण जुईने सोंड हातात घेतली तोपर्यंत बाबांनी ती इतकी उत्तम लावून ठेवली होती की ती वाजतच नव्हती. पोरीने सबंध हिरवळ पालथी घातली, एकदाही बीप नाही. तिने यंत्र गवतावर ठेवलं आणि म्हणाली, "लांगवाइलिग." कंटाळवाणं. मोघे तिला समजावत होते की शांतता हाच यंत्राचा गुण आहे. तिने पुस्तक उघडलं.

त्यानंतरच्या तिच्या खेपेला, शनिवारी सकाळी मी ब्रोटशेन, म्हणजे न्याहारीचे पाव, आणायला निघाले होते. पार्क ओलांडताना हिरवळीवर कुणीतरी गुडघे टेकून बसलेलं दिसलं. मोघे होते. हातात उलथनं. समोर गवताचा एक चौकोन, वर्गमूळ काढावं इतका काटेकोर कापलेला.

त्यांनी मला पाहिलं आणि लपवायचा प्रयत्न केला नाही. तळहात उघडून दाखवला. त्यावर दहा पैशाचं एक नाणं होतं. कडेने फुलासारख्या पाकळ्या असलेलं, आपल्या लहानपणचं, इतकं हलकं की हातावर आहे हे डोळ्यांनी बघूनच कळावं. वाईहून येताना आईने पावडरच्या डब्यात भरून दिलेल्या सुपारीत अशी काही नाणी निघाली होती. का निघाली होती ते त्यांच्या आईने फोनवर सांगितलं असेलच, पण ते वगळलं गेलं होतं.

"मोघे, त्यावर इंडिया लिहिलंय," मी म्हटलं.

"असू दे. पार्कात भारतीय काय कमी येतात?"

"आणि ते दहा पैशाचं नाणं खिशात घालून येतात?"

मोघ्यांनी नाणं खड्ड्यात ठेवलं, माती लोटली आणि चौकोन परत बसवला. "तिला सापडलं की ती विचारेल, हे काय आहे," ते म्हणाले. "बस. एवढंच." मग उठून गुडघे झटकले आणि मला म्हणाले की दुपारी तुम्हीही या, तटस्थ कुणीतरी असलेलं बरं.

दुपारी मी तटस्थ म्हणून गेले. जुईने हेडफोन लावला होता. तो तिच्या कानांना मोठा होता आणि चेहऱ्यावर, कुणाच्या तरी समाधानासाठी दंतवैद्याकडे आल्यासारखा भाव होता. मोघे मागे मागे चालत सूचना देत होते. सावकाश, डावीकडून उजवीकडे, केर काढतात तशी. "या, या," जुई म्हणत होती.

ती त्या जागेवरून गेली. चकती बरोब्बर चौकोनावरून फिरली. जुई थांबली नाही.

मोघ्यांनी तिला परत वळवलं. हवेबद्दल काहीतरी बोलले. मग माझ्याशी बोलले. सकाळपासून ज्या चौकोनाचा त्यांनी ध्यास घेतला होता, त्याच्याकडे न बघण्याचा ते इतका प्रयत्न करत होते की सबंध पार्कात तेवढी एकच जागा उठून दिसत होती. कडेने माती अजून ओली होती. इतक्या सरळ रेषेत जर्मनीतलं गवतसुद्धा उगवत नाही.

जुई दुसऱ्यांदा त्यावरून गेली. पुढे दोन पावलं गेल्यावर थांबली. एकदा गवताकडे पाहिलं. एकदा बाबांकडे. ते तेव्हा एका चेस्टनटच्या शेंड्याकडे बघत होते.

तिने हेडफोन एका कानावर घट्ट दाबला.

"बाबा," ती म्हणाली, "वाजलं."

मराठीत म्हणाली. 'व' जरा जर्मन होता, ओठ दातांत धरून काढलेला. पण शब्द पुरा होता. मोघे असे दचकले की मला वाटलं, सोंड खरंच त्यांच्या कानात वाजली.

खणायला उलथनं होतंच. ते मोघ्यांच्या खिशातच होतं, हेही तिने पाहिलं असणार. तिने माती काढली, नाणं उचललं, स्कर्टला पुसलं आणि तळहातावर ठेवून एक पाकळी बोटाने चाचपली.

"हे काय आहे?"

मोघे गवतावर बसले आणि सांगायला लागले. हे दहा पैसे. याचा बर्फाचा गोळा यायचा. शाळेच्या फाटकाशी गाडी असायची, गाडीवाल्याचं नाव सदू, त्याला एका डोळ्याने कमी दिसायचं म्हणून तो लाल आणि केशरी रंगांत घोटाळा करायचा. त्याचा एक कुत्रा होता, तो फक्त गणिताच्या मास्तरांवर भुंकायचा. मास्तरांची सायकल. सायकलची घंटी. आईने गोळा खायला बंदी केली होती, पण जीभ लाल दिसायची आणि पकडलं जायचं, म्हणून घरी जाण्याआधी कृष्णेच्या घाटावर जाऊन जीभ धुवायची. जीभ अशी बाहेर काढून. त्यांनी काढून दाखवली. बाकावरच्या एका बाईंनी कुत्र्याची साखळी आखडली.

जुई विचारत होती. अर्धं मराठी, अर्धं जर्मन. लाल रंग कशाचा असायचा? कुत्र्याचं नाव काय? आजी ओरडली का? मोघ्यांनी त्या गोष्टीतून काहीही वगळलं नाही. सदूच्या मेहुण्यापर्यंत गोष्ट पोचली तेव्हा मी उठून घरी आले. तटस्थ माणसाचं तिथे काम उरलं नव्हतं.

रविवारी संध्याकाळी जुईला पोचवून मोघे परत आले ते थेट आमच्याकडे. मी पान वाढलं. ते ताटासमोर बसून राहिले.

"वहिनी, वाजणं शक्य नव्हतं," ते म्हणाले.

मी त्यांच्या भातावर तूप वाढलं.

"जाताना गाडीत ती नाणं हातात घेऊन बसली होती. म्हणाली, हे इतकं हलकं का? मी म्हटलं, ॲल्युमिनियमचं आहे म्हणून." त्यांनी आमटीची वाटी जवळ ओढली. "मी ॲल्युमिनियम बंद केलंय. मीच केलंय. लपवताना मला नाणं दिसत होतं, धातू दिसलाच नाही. पार्कभर अशी नाणी पेरली असती तरी ती सोंड वाजली नसती."

"मग जुई काय म्हणाली?"

"काही नाही. खिडकीबाहेर बघत होती. काचेत चेहरा दिसत होता, पण हसत होती की काय ते बोगदा संपल्यामुळे कळलं नाही." त्यांनी भातात आमटी कालवली. "स्टेशनवर उतरल्यावर म्हणाली, पुढच्या वेळी झाडांकडचा भाग बघू. मी म्हटलं, तिकडे गेनेमिगुंग नाही. तर म्हणाली, मग काढा."

मोघे ते 'मग काढा' दोनदा म्हणाले. दुसऱ्यांदा तिच्या जर्मन उच्चारात.

मला राहवलं नाही. मी विचारलं, "मग आता ॲल्युमिनियम चालू करणार का?"

ते विचार करू लागले. मोघे विचार करतात तेव्हा हात थांबतो. घास तसाच बोटांत होता, वर कढीपत्त्याचं एक पान चिकटलेलं.

"नको," ते म्हणाले. "चालू केलं तर यंत्रच वाजेल, वहिनी. मग ती कशाला बोलेल?"

आणि त्यांनी पानासकट घास खाल्ला.